शुआन कागदावर फटकारा का फुटतो?

प्रश्न : अमेरिकन अमूर्त चित्रकार फ्रान्झ क्लाइनसारखे जाड काळे फटकारे शुआन या चिनी कागदावर मारून पाहते आहे. कडा पसरतात आणि आत कोरडे पांढरे पट्टे येतच नाहीत. चूक शाईची की हाताची?

उत्तर : दोन्हींची थोडी, पण मूळ अडचण कागदाची. क्लाइनचं काम कॅनव्हासवरचं. घरं रंगवायचा इनॅमल रंगही ते वापरत आणि काळ्याच्या कडा पांढऱ्या रंगाने पुन्हा कापत. एका दमात मारल्यासारखा दिसणारा फटकारा बऱ्याचदा असा घडवलेला असे. जपानी कॅलिग्राफर मोरिता शिर्यू यांच्या ‘बोकुबी’ मासिकाच्या पहिल्या अंकात (१९५१) क्लाइनचं चित्र आलं, तरी कॅलिग्राफीशी जोडलेलं नातं त्यांना मान्य नव्हतं.

कच्च्या शुआनला खळ नसते. तंतू पाणी ओढतात, शाईतली काजळी मागोमाग जाते. दुरुस्तीचा हात फिरवलात तर तो ठिगळासारखा वेगळा दिसतो, म्हणून तो मोह टाळाच.

शाई दाट हवी. शाई उगाळायच्या दगडावर अर्धा चमचा पाणी घ्या आणि शाईची कांडी उभी धरून, न दाबता, दहा-पंधरा मिनिटं गोल फिरवा. कांडीचा माग लगेच बुजला नाही की शाई तयार. लाखेची बाटलीतली शाई नको, ती केसांच्या मुळाशी वाळून ब्रश कडक करते.

ब्रश मुळापर्यंत पाण्यात भिजवा, फडक्यावर निपटा, मगच शाईत बुडवा आणि बशीच्या काठावर दोन-तीनदा दाबून काढा. उचलल्यावर थेंब लोंबत असेल तर अजून ओला आहे. बकरीच्या केसांचा ब्रश फार पाणी धरतो, कोरड्या रेघेला ताठ केसांचाच बरा. कागदाची खरखरीत बाजू वर, खाली लोकरी फेल्ट. ब्रश टेकवला की थांबू नका, थांबलात तिथे डबकं होतं. मनगट स्थिर ठेवून खांद्यातून ओढा आणि शेवटाकडे वेग वाढवा. केस फाकतात आणि मधून कागद दिसतो. चिनी परंपरेत यालाच ‘फेईबाई’, म्हणजे उडतं पांढरं, म्हणतात.

तरीही थोडं पसरणारच, आणि ते वाईटच असतं असं नाही. अमेरिकन चित्रकार रॉबर्ट मदरवेल यांनी १९६५च्या ‘लिरिक सुइट’ या चित्रमालिकेत जपानी कागदावर ब्रश उचलल्यानंतरही पसरणारी शाई मुद्दाम तशीच राहू दिली.

प्रश्न : ब्रशऐवजी काडी चालेल?

उत्तर : चालेल. अमेरिकन चित्रकार ब्राइस मार्डन यांनी लांब काड्या शाईत बुडवून रेखाटनं केली आहेत. मात्र काडीत शाई फार मावत नाही आणि टोक शुआन फाडतं. खळ असलेला जाड कागद घ्या.