बाँड केलेल्या नेटवर्क कार्डांपैकी एकाची लिंक पडली तर मॉनिटरिंगला कसं कळवायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा, लिनक्स सर्व्हरवर दोन कार्डं बाँड केलीयेत (दोन्ही मिळून एकच इंटरफेस, एक पडलं तरी दुसऱ्यावर काम चालावं म्हणून), मधे एक केबल निघाली, काम चालूच राहिलं पण मॉनिटरिंगमधे सगळं हिरवंगार, आणि आता तुम्हाला लिंक बदलल्याबरोबर कर्नलकडूनच (लिनक्सच्या गाभ्याकडून) थेट निरोप पाठवायचाय. निरोप पाठवता येतो, कसा ते खाली सांगतो, पण नुसत्या निरोपाच्या भरवशावर राहू नका.

आधी हिरवं का दिसलं ते बघू. तुम्ही बहुतेक फक्त बाँड0 हाच इंटरफेस मॉनिटरिंगमधे टाकलाय. एक कार्ड जरी जिवंत असलं तरी बाँड0 अप दाखवणारच, बाँड केलाय तोच त्यासाठी ना! स्टेपनीवर गाडी चाललीये, स्पीडोमीटरला पंक्चरचं काय घेणंदेणं. त्यामुळे लक्ष ठेवायचं ते आतल्या मेंबरांवर, म्हणजे कार्डांवर. एसएनएमपी (नेटवर्कवरून यंत्रांची माहिती विचारायचा प्रोटोकॉल) वापरत असाल तर इंटरफेसच्या टेबलात इथ0, इथ1, बाँड0 अशा तीन वेगळ्या ओळी असतात, बरेच जण पहिल्या दोन 'डुप्लिकेट आहेत' म्हणून काढून टाकतात आणि खरी माहिती नेमकी त्यांच्यातच असते.

आता सर्व्हरवर /प्रॉक/नेट/बाँडिंग/बाँड0 ही फाईल उघडून बघा. वर मोड, सध्या कुठलं कार्ड अ‍ॅक्टिव्ह आहे वगैरे, आणि खाली प्रत्येक कार्डाचा वेगळा भाग, त्यात एमआयआय स्टेटस (लिंक अप की डाऊन) आणि लिंक फेल्युअर काऊंट (लिंक किती वेळा पडली). हा काऊंट सोनं आहे. स्टेटस म्हणजे फक्त आत्ताची परिस्थिती, तुमचं पोलिंग (मॉनिटरिंगने ठराविक वेळाने स्वतः विचारणं) मिनिटाला एकदा असेल आणि लिंक मधल्या 20 सेकंदांत पडून परत उठली तर स्टेटसमधे काहीच दिसणार नाही, पण काऊंट एकने वाढलेला असतो आणि तो परत खाली येत नाही (कार्ड बाँडमधून काढून परत घातलं तर मात्र शून्यापासून सुरू). म्हणून अलर्ट दोन लावायचे, एक 'स्टेटस अप नाही' आणि दुसरा 'काऊंट वाढला'. ढिला कनेक्टर, मरायला टेकलेलं एसएफपी (पोर्टात खोचायचं मॉड्यूल), हे सगळं दुसऱ्यातच सापडतं.

ही फाईल पार्स करायचा कंटाळा असेल तर प्रत्येक कार्डाच्या /सिस/क्लास/नेट/इथ0/बाँडिंग_स्लेव्ह या फोल्डरमधे हेच आकडे सुटे सुटे मिळतात, झॅबिक्स या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरचा एजंट ते सरळ फाईल म्हणून वाचतो, स्क्रिप्ट लागतच नाही. मॉनिटरिंगला प्रोमिथियस वापरणाऱ्यांना तर आयतंच आहे, सर्व्हरचे आकडे देणाऱ्या त्याच्या नोड एक्स्पोर्टरमधे बाँडिंगचा कलेक्टर आधीपासून चालू असतो, तो किती मेंबर आहेत आणि किती चालू आहेत असे दोन आकडे देतो, वजाबाकी शून्य नसेल तर अलर्ट, झालं काम.

आणि एक, बाँड स्वतः ठराविक वेळाने कार्डांकडे बघतो, ती वेळ एमआयआयमॉनमधे मिलीसेकंदात असते, साधारण 100 ठेवतात. त्यावर डाऊनडिले (लिंक पडली असं धरण्याआधी थांबायची वेळ) लावला असेल तर तेवढ्या वेळात सावरलेली लिंक बाँडच्या हिशोबी पडलीच नाही, म्हणजे काऊंटही वाढणार नाही. असे बारीक फटके पकडायचे तर कार्डाच्याच फोल्डरमधली कॅरियर_चेंजेस ही फाईल बघा, ती पडणं आणि उठणं दोन्ही मोजते, त्यामुळे एका फटक्याला आकडा 2 ने पुढे जातो, थ्रेशोल्ड ठेवताना हे ध्यानात असू द्या.

आता थेट निरोपाचं. यूडेव्हचा (हार्डवेअर जोडलं-काढलं की काम करणारी लिनक्सची सोय) रूल लिहायच्या फंदात पडू नका, केबल निघाली म्हणून यूडेव्हला सहसा काही कळवलं जात नाही. इफ-डाऊनच्या फोल्डरातल्या स्क्रिप्टा तर कुणीतरी हाताने इंटरफेस खाली केला तरच चालतात. कर्नल खरी बातमी देतो नेटलिंकवर (कर्नल आणि प्रोग्राम यांच्यातला निरोपाचा मार्ग), आणि ती ऐकायची सोपी सोय म्हणजे 'आयपी मॉनिटर लिंक' ही कमांड. ती सिस्टिमडीच्या सर्व्हिसमधे चालू ठेवा (मेली तर परत उठेल असं सेटिंग करून), आउटपुट एका लूपमधे वाचा, ओळ आली की झॅबिक्स सेंडरने किंवा नॅगिओस या मॉनिटरिंगच्या पॅसिव्ह चेकने (यात निकाल बाहेरूनच पाठवला जातो) आकडे पाठवा. फक्त त्या ओळीवरून निष्कर्ष काढू नका, कारण एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) बदलला, टीसीपीडंप (ट्रॅफिक बघायचं टूल) चालू केलं तरी ओळी येतात आणि गर्दीत काही गळतातही. ओळ आली म्हणजे 'काहीतरी झालंय' एवढंच धरायचं आणि वरच्या फाईली नव्याने वाचून जे असेल ते पाठवायचं.

नेट-एसएनएमपीमधे (लिनक्सवरच्या एसएनएमपी एजंटमधे) लिंकअपडाऊननोटिफिकेशन्स यस अशी एक ओळ टाकली की ट्रॅप (न विचारता पाठवलेला एसएनएमपीचा निरोप) जातो हे खरंय, पण आतून तोही 60 सेकंदांनी टेबल तपासतो, त्यामुळे 'ताबडतोब' वगैरे काही नाही आणि मधला फ्लॅप (लिंक पडून लगेच उठणं) हुकतोच.

नुसत्या निरोपावर राहू नका म्हणालो ते का, तर तो निरोप बहुतेक त्याच बाँडवरून जाणार आणि नेमका त्या क्षणी जाणार जेव्हा ट्रॅफिक एका कार्डावरून दुसऱ्यावर सरकतंय. ट्रॅप म्हणजे यूडीपी (यात पोच येत नाही), हरवला तर ना पाठवणाऱ्याला पत्ता ना घेणाऱ्याला. ट्रॅपऐवजी इन्फॉर्म वापरा, त्याला पोच येते आणि आली नाही तर परत पाठवला जातो, किंवा स्क्रिप्टमधे दोन-तीन सेकंद थांबून पाठवा. पोलिंग मात्र काही झालं तरी चालूच ठेवा.

मोड 4 म्हणजे एलएसीपी (सर्व्हर आणि स्वीच आपसात ठरवून कार्डं एका गटात वापरतात) असेल तर अजून एक खड्डा आहे. लिंक अप, स्टेटस अप, काऊंट जैसे थे, आणि तरी एका कार्डावरून काहीच जात नाही, कारण स्वीचवर कुणीतरी तो पोर्ट चॅनेलमधून (स्वीचच्या बाजूच्या गटातून) काढलाय. नोड एक्स्पोर्टरची वजाबाकी इथे शून्यच येते कारण तोही एमआयआय स्टेटसच बघतो. दोन्ही कार्डांचा अ‍ॅग्रिगेटर आयडी (कार्ड कुठल्या गटात आहे तो नंबर) सारखा आहे का ते तपासा, नाहीतर बाँडच्या फोल्डरमधला एडी_नम_पोर्ट्स (चालू गटात किती कार्डं आहेत तो आकडा) 2 आहे का एवढं बघितलं तरी चालेल. अ‍ॅक्टिव्ह-बॅकअपमधे (एक कार्ड चालू, दुसरं राखीव) पुढचा स्वीच जिवंत पण त्याचा अपलिंक (तिथून पुढे जाणारी लिंक) मेलेला असेल तर एमआयआयला ते दिसणारच नाही, तिथे एमआयआयमॉनच्या जागी एआरपी मॉनिटरिंग (ठरलेल्या पत्त्याला विचारून उत्तर येतं का ते बघणं) लावा, दोन्ही एकदम लावायचे नसतात.

टेस्ट करताना सर्व्हरवरून इथ1 डाऊन करून बघू नका, ते अ‍ॅडमिन डाऊन (म्हणजे मुद्दाम बंद केलेलं) होतं आणि बऱ्याच टेम्प्लेटांत असे पोर्ट मुद्दाम वगळलेले असतात, मग अलर्ट आला नाही म्हणून उगाच डोकं खाजवत बसाल. केबल ओढा, नाहीतर स्वीचच्या बाजूने पोर्ट बंद करा. आणि दोन्ही कार्डांवर आळीपाळीने करा.