तुम्ही विचारलंत: बीटी कपाशीतलं प्रथिन अळीला मारतं, मग माणसाला का नाही? आणि बीटी असून बोंडअळी परत कशी आली?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. बॅसिलस थुरिंजिएन्सिस (म्हणजेच बीटी) या जिवाणूचं क्राय प्रथिन अळीच्या आतड्यातल्या अल्कधर्मी रसात विरघळतं, तिथली विकरं (एन्झाइम) ते कापून कामाला लावतात, मग ते आतड्याच्या पेशींवरच्या ठरावीक ग्राहकांना (प्रथिन अडकण्याच्या जागांना) चिकटून भोकं पाडतं. अळी खाणं सोडते आणि दोन-चार दिवसांत मरते. आपलं जठर आम्लधर्मी आणि ते ग्राहकही आपल्याकडे नाहीत. बीटी पऱ्हाटीत, म्हणजे त्या जिवाणूचं जनुक घातलेल्या कपाशीत, हे प्रथिन झाडच बनवतं.

दुसरा प्रश्न वाचून मात्र राहवलं नाही.

२०१७ च्या दिवाळीत मी यवतमाळकडे गावी गेलो. पऱ्हाटी कमरेच्या वर, बोंडं हिरवीगार. बाबांनी एक बोंड तोडून अंगठ्याने फोडलं. आत गुलाबी अळी, सरकी पोखरलेली, कापूस पिवळा पडून चिकटलेला. बाहेरून भोक दिसत नव्हतं, कारण अळी बारीक असतानाच आत शिरते आणि छिद्र बुजून जातं. त्या ओळीतली दहा बोंडं फोडली, सात किडकी.

काका तेव्हापासून म्हणतात, बी बोगस होतं. बोगस असतं तर हिरवी बोंडअळीही दिसली असती. ती एकही नव्हती. जूनमध्ये पाकिटासोबत आलेलं १२० ग्रॅम बिगर-बीटी बी काकांनीच बांधावर फेकलं होतं, "अळी पोसायला पेरायचं का?" म्हणून. हो, पोसायलाच! प्रतिकाराचा गुण आई-बाप दोघांकडून आला तरच अळी बीटीवर तगते. बिगर-बीटी ओळींतले साधे, म्हणजे प्रतिकार नसलेले, पतंग तगलेल्यांशी जुळले की पुढची पिढी पुन्हा बीटीला बळी पडते. हिरव्या अळीचे साधे पतंग तुरी-हरभऱ्यावरही वाढतात. गुलाबी जवळपास कपाशीवरच जगते, तिला त्या ओळींशिवाय दुसरी जागा नाही. पहिल्या, एकाच प्रथिनाच्या बीटीला गुजरातेत ती दाद देत नाही, हे २०१० मध्येच जाहीर झालं होतं. तरी गावोगाव पाकिटं बांधावरच गेली.

आमच्या एका घराने पेरून सगळं थांबलं असतं असं नाही, पतंग बांध मानत नाहीत. शिवाय आम्हीही मार्चपर्यंत फरदड (वेचणी झाल्यावरही पाणी देऊन राखलेलं पीक) ठेवायचो, तेही तितकंच वाईट. तुम्ही डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटा आणि फुलं लागायच्या आधी कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे) लावा. मावा-तुडतुड्यांना बीटीने काही होत नाही, त्यांचा बंदोबस्त वेगळा.

आता बिगर-बीटी बी पाकिटातच मिसळून येतं. ते उत्तम झालं. काकांना निवडून फेकता येत नाही.