नव्या वर्गशिक्षिकेने सुरुवातीला एवढेच पाहावे
प्रथमोपचाराचे जाडजूड पुस्तक वाचायला घेतल्याचे आपण कळवले आहे. ते तूर्त बाजूला ठेवले तरी चालेल. पहिल्या आठवड्यात वर्गातील कोणत्या मुलाला दमा, फिट्स किंवा एखाद्या पदार्थाची अ‍ॅलर्जी आहे, त्याचे औषध कोठे ठेवले आहे आणि पालकांचा चालू असलेला फोन नंबर कोणता, याची यादी स्वतः पालकांना विचारून तयार करावी. ती कपाटात कुलूपबंद नको. आपण रजेवर असताना बदली शिक्षकालाही ती मिनिटभरात सापडली पाहिजे.

नवख्यांच्या हातून हमखास होणाऱ्या चुका अशा :

१. नाकातून रक्त येताच मुलाची मान मागे टाकणे. त्याला बसवून किंचित पुढे वाकवावे, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून सलग १० मिनिटे सोडू नये आणि तोंडाने श्वास घ्यायला सांगावे. ‘थांबले का’ म्हणून मध्येच चिमूट सैल करण्याचा मोह सुरुवातीला मलाही आवरत नसे.

२. डोक्याला मार लागलेले मूल पुन्हा खेळू लागले की निर्धास्त होणे. उलटी, गुंगी किंवा वागण्यातील बदल काही तासांनीही दिसू शकतो, म्हणून पालकांना त्याच दिवशी, शक्यतो लेखी, कळवावे. यांपैकी काही दिसल्यास तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे.

३. पालकांच्या संमतीशिवाय गोळी देणे, अगदी तापाचीसुद्धा.

डब्यापूर्वी साबणाने २० सेकंद हात धुण्याची सवय तेवढी लावा. बाकीचे प्रशिक्षणात शिकवतीलच.