ब्रॅडॉकचा रस्ता म्हणजेच रूट ४० का?

वर विचारलंय की अमेरिकेतला आजचा रूट ४० हा महामार्ग म्हणजेच ब्रिटिश जनरल ब्रॅडॉकचा जुना लष्करी रस्ता का. अर्धंच खरं आहे ते. मी पिट्सबर्गच्या बाजूला बरीच वर्षं राहतोय, जुन्या रस्त्याचे उरलेले तुकडे पायी फिरून बघितलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मुळात ब्रॅडॉकचा रस्ता ही नेटिव्ह, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी लोकांची पायवाट. १७५० नंतर थॉमस क्रेसॅप आणि डेलावेअर जमातीचा नेमाकोलिन यांनी ओहायो कंपनी या जमीन आणि व्यापाराच्या कंपनीसाठी ती साफ केली, पण तोफा न्यायच्या लायकीची ती नव्हतीच. १७५५ ला जनरल ब्रॅडॉकला फ्रेंचांचा ड्यूकेन किल्ला घ्यायचा होता, तो किल्ला आजच्या पिट्सबर्गमध्ये, मग मेरीलँडमधल्या कंबरलँडपासून जंगल तोडत १२ फूट रुंद रस्ता काढायला घेतला. पहिल्याच डोंगरावर गाड्या मोडल्या, शेवटी डोंगराला वळसा घालणारी खिंड सापडली तेव्हा कुठे पुढे सरकले. तरुण जॉर्ज वॉशिंग्टन तेव्हा ब्रॅडॉकच्या हाताखाली होता, १२ मैलांना ४ दिवस लागले म्हणून त्याने पत्रात चिडून लिहिलंय.

वैतागून ब्रॅडॉक १३०० च्या आसपास माणसं घेऊन पुढे निघाला, जड सामान मागे कर्नल डनबारकडे सोडलं, आणि ९ जुलैला मोनोंगाहेला नदी ओलांडल्या ओलांडल्या जंगलातून गोळीबार सुरू झाला. ब्रॅडॉकच्या बाजूचे मेलेले आणि जखमी मिळून सुमारे ९००. ब्रॅडॉक स्वतः १३ जुलैला गेला आणि त्याला रस्त्याच्या मधोमधच पुरला, वरून सैन्य आणि गाड्या नेल्या, म्हणजे शत्रूला थडगं सापडू नये. मला या सगळ्या कहाणीत हीच गोष्ट सगळ्यात जास्त हलवते, ज्या रस्त्यासाठी एवढा जीव काढला त्याच्याच पोटात माणूस गेला.

आता रूट ४० चं. १८११ ला नॅशनल रोड या सरकारी रस्त्याचं काम सुरू झालं, तो कंबरलँडहून चेस्टनट रिज या डोंगररांगेपर्यंत साधारण ब्रॅडॉकच्याच वाटेने येतो, पण तिथून ब्रॅडॉक उत्तरेला वळला होता आणि नॅशनल रोड सरळ पश्चिमेला युनियनटाऊनला उतरतो. रूट ४० याच नॅशनल रोडवरून आलाय. म्हणून पुढचा ब्रॅडॉकचा रस्ता रूट ४० वर शोधू नका, सापडणार नाही.

बघायचाच असेल तर पेनसिल्व्हेनियातल्या फार्मिंग्टनजवळ ब्रॅडॉकच्या स्मारकापाशी थांबा. बाजूलाच झाडीत जमिनीला पडलेली लांबट खोलगट पन्हाळ दिसते, तोच तो रस्ता. पानगळीनंतर गेलात तर जास्त स्पष्ट दिसेल.