ओएचसीतली सिस्टर आणि आठवड्यातून दोनदा येणारे डॉक्टर

प्रश्न: मी मिरजेत बीएस्सी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. घर इचलकरंजीत, बाबा मागावर कामाला. मामांच्या ओळखीने चाकणच्या एका कारखान्यात ओएचसीत, म्हणजे कारखान्याच्या आरोग्य केंद्रात, सिस्टरची जागा सुचली आहे. पगार हॉस्पिटलपेक्षा बरा, रविवारी सुट्टी. पुण्यातल्या एका हॉस्पिटलने आयसीयूसाठीही बोलावलंय. आमच्या मॅडम म्हणतात, कारखान्यात क्रोसिन वाटत बसशील, शिकलेलं विसरशील. तिथे मन रमेल का? डॉक्टर आठवड्यातून दोनदाच येतात म्हणे. बाबांशी हल्ली जोरात बोलावं लागतं, त्यामुळे फोनवर नीट विचारताही आलं नाही. — एक विद्यार्थिनी

उत्तर: डॉक्टरांचं वाक्य तू जाता जाता लिहिलंस, पण ग्यानबाची मेख तिथेच आहे. पगार, सुट्टी, क्रोसिन सगळं नंतर. ओएचसीत माणसं असतात किती? डॉक्टर, पाळीला एक सिस्टर, फार तर एखादा ड्रेसर. वॉर्डात एका डॉक्टरांशी पटलं नाही तर दुसरे असतात, मेट्रन असते, डबा खायला चार मैत्रिणी असतात. इथे त्या एका माणसाशी जमलं तर नोकरी सोन्यासारखी. नाही जमलं तर रविवारची सुट्टीही गोड लागत नाही.

तुझ्या मॅडमचं अगदीच चूक नाही. बऱ्याच ठिकाणी सिस्टरचा दिवस गोळ्या, पट्ट्या आणि हाफ डे मागणाऱ्यांची समजूत काढण्यात जातो. पण तसं होणं म्हणजेच हे काम, असं समजू नकोस. तिथल्या डॉक्टरांनी सिस्टरला कशात धरलंय, ते त्यावरून कळतं.

गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी नर्सिंगच्या मुलींना घेऊन गेले होते. तिथल्या सिस्टरनी ओपीडीचं रजिस्टर उघडून दाखवलं. पंधरा दिवसांत मशीन शॉपमधली पाच पोरं हाताला खाज सुटते म्हणून येऊन गेली होती, तीन वेगवेगळ्या पाळ्यांतली. डॉक्टर आठवड्यातून दोन दिवस. त्यांच्यासमोर पाचातली दोघंच आली, दोघांना मलम मिळालं, विषय संपला. पाचही नावं दिसली ती सिस्टरना, कारण रजिस्टर त्यांच्या हातात. त्यांनी प्रत्येक नावापुढे लाल पेनाने लाइनचा नंबर लिहिला. पाचही एकाच लाइनचे. डॉक्टरांनी ते पान पाहिलं, स्टेथोस्कोप टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "चला सिस्टर, खाली जाऊन बघू." कूलंट, म्हणजे मशीन थंड ठेवणारं द्रव, नवीन आलं होतं, हातमोजे मात्र जुनेच, भिजून आतून ओले झालेले. सिस्टर हे सांगताना त्या पानावरून बोट फिरवत होत्या. आयसीयूत पेशंट वाचवल्याचं समाधान मोठं असतंच, पण पाचावर थांबलेल्या त्या यादीचंही कमी नसतं.

दुसऱ्या एका ठिकाणची माझी जुनी विद्यार्थिनी आठ महिन्यांत बाहेर पडली. डॉक्टर कोऱ्या फिटनेस फॉर्मवर सह्या करून गठ्ठा ठेवून जायचे. नावं हिने भरायची, कुणाला फिट लिहायचं ते एचआरमधून सांगितलं जायचं. पगार उत्तम होता. तिने मला फोनवर सांगितलेलं एकच वाक्य लक्षात आहे: "मॅडम, मी तिथे नर्स नव्हते, रबर स्टॅम्प होते."

ही ओढाताण या कामाच्या पाचवीलाच पुजलेली आहे. पगार मालक देतो आणि काळजी घ्यायची असते कामगाराची. म्हणून तर आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1985 च्या 161 क्रमांकाच्या करारात लिहून ठेवलं, की कामाच्या ठिकाणी आरोग्यसेवा देणाऱ्यांना व्यावसायिक निर्णयात मालकापासूनही आणि कामगारांपासूनही पूर्ण स्वातंत्र्य हवं. रोजच्या व्यवहारात याचा अर्थ साधा आहे: एचआरला कळायला हवं ते फिट, अनफिट किंवा "उंचावर काम देऊ नये" एवढंच. माणसाला मधुमेह आहे की आकडी येते, हे फाइलमध्येच राहतं. सुपरवायझर "काय झालंय हो त्याला?" म्हणून दारात उभा राहील. तेव्हा डॉक्टर तुझ्या बाजूने उभे राहणार असतील तर नाही म्हणायला जीभ अडखळत नाही. एकटीने रोज नाही म्हणणं फार थकवतं.

हे काम नवं नाही, बरं का. इंग्लंडमध्ये नॉरविचच्या कोलमन मोहरी कारखान्याने 1878 मध्ये फिलिपा फ्लॉवरडे नावाची नर्स नेमली होती. डॉक्टरांना मदत करायची आणि आजारी कामगारांच्या घरी जाऊन बघायचं. आपल्याकडे 500 हून जास्त कामगार असतील तिथे ॲम्ब्युलन्स रूम, म्हणजे उपचाराची खोली, हवी, ही अट 1948 च्या कारखाने कायद्यापासूनची. धोकादायक प्रक्रिया असेल तर कामावर घेण्याआधी तपासणी आणि पुढे दर बारा महिन्यांच्या आत पुन्हा.

आता तू काय करायचंस? चाकणला हो किंवा नाही म्हणण्याआधी तिथल्या डॉक्टरांना अर्धा तास माग. एचआरला नाही, डॉक्टरांना. त्यांनी एएफआयएच केलंय का ते विचार. हा एमबीबीएस डॉक्टरांसाठीचा औद्योगिक आरोग्याचा तीन महिन्यांचा कोर्स, मुंबईत सायनच्या केंद्रीय श्रम संस्थेत होतो. केला असेल तर या विषयात त्यांना रस आहे असं धरायला हरकत नाही. तुझ्या अभ्यासक्रमात हा विषय कम्युनिटी हेल्थमध्ये ओझरता येऊन जातो, म्हणजे खरं शिकायचं ते त्यांच्याकडूनच. शॉपवर शेवटचे कधी गेलात आणि सिस्टर बरोबर होत्या का, हेही विचार. प्रश्नाचा राग आला, तर तुझं उत्तर तुला तिथेच मिळालं. ते नसतात त्या दिवशी फोन उचलतात का, आणि तातडीच्या वेळी तू काय द्यायचं याचे लेखी आदेश आहेत का, हे मात्र सोडू नकोस. डॉक्टर गैरहजर असताना तोंडी भरवशावर इंजेक्शन देणारी सिस्टर उद्या एकटीच चौकशीला उभी असते. नेमणूक कंपनीची की एजन्सीची, तेही बघ. तू आणि डॉक्टर दोघंही कॉन्ट्रॅक्टवर असतील तर टीम जमेपर्यंत एकाचं कॉन्ट्रॅक्ट संपलेलं असतं.

माझं स्वतःचं मत विचारशील तर आधी वर्षभर हॉस्पिटल, आणि तेही आयसीयूऐवजी कॅज्युअल्टी मागून घे. रात्रपाळीत प्रेस मशीनमध्ये बोटं सापडलेला माणूस चार जण उचलून आणतात, तेव्हा ओएचसीत तू एकटी असतेस. आयसीयूत पेशंट बराचसा सावरून येतो. तो सावरायचा कसा, हे कॅज्युअल्टीत शिकायला मिळतं. चाकणला जागा पुन्हा निघतात. पण डॉक्टर त्या पहिल्या सिस्टरच्या डॉक्टरांसारखे निघाले, तर माझं ऐकू नकोस, लगेच जा.

आणि बाबांचं. मागाच्या खडखडाटाने बधिर होणारा कान पहिल्यांदा 4000 हर्ट्झच्या आसपास खचतो. बोलणं ऐकू येत असतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. मागाच्या छोट्या खात्यांवर ना सिस्टर असते ना ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी. त्या तपासणीला बाबांना मिरजेला घेऊन जा, पण पाळी करून आल्यावर नको, तेव्हा आवाजाने कान तात्पुरता दबलेला असतो आणि आलेख चुकीचा येतो. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, कामावर जायच्या आधी. आलेख आला की एक प्रत जपून ठेव. पुढच्या वर्षी शेजारी ठेवून बघायला लागेल.