मुलीच्या नावावर ५ लाखांची एफडी करू का?

प्रश्न : मी अंबाजोगाईत राहते, आरोग्य खात्यातून निवृत्त झाले. वय ६३. पेन्शन ३१,००० रुपये, खर्च साधारण २२,०००. घर स्वतःचं, बँकेत १८ लाखांच्या ठेवी, आरोग्य विमा नाही. ओळखीच्या एका ऊसतोड कुटुंबातली मुलगी यंदा सातवी पास होईल. फार हुशार आहे. गावची शाळा सातवीपर्यंतच आहे, घरी आजी आणि लहान भाऊ. तिच्या नावावर ५ लाखांची एफडी करावी, अठरा पूर्ण झाल्यावर तिला मिळावी, असं मनात आहे. मुलगा म्हणतो, त्यापेक्षा संस्थेला देणगी दे, करात सूट मिळेल. काय करू?

उत्तर : ताई, आधी तुमचं स्वतःचं पाहू. विमा नाही, म्हणून १८ पैकी ८ लाख फक्त दवाखान्यासाठी ठेवा. त्यांना हात लावायचा नाही. उरलेल्यातले ५ लाख या मुलीसाठी बाजूला काढता येतील, पण ते आजच तुमच्या हातातून जाऊ नयेत असं मला वाटतं.

एफडी करू नका. तिची शाळा तुटायचा धोका अठराव्या वर्षी नाही, येत्या दोन वर्षांत आहे. दिवाळीच्या सुमारास आईवडील टोळीबरोबर कारखान्यावर जाणार, ते मार्च-एप्रिलला परतणार. वयात आलेली मुलगी मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची? हा प्रश्न सुटला नाही की तिला उसाच्या फडावर नेतात, कोपीवर म्हणजे तिथल्या झोपडीत स्वयंपाकाला आणि धाकट्याला सांभाळायला, नाहीतर लवकर लग्न उरकून टाकतात. लेकीची माया नाही म्हणून हे होत नाही, तुम्ही त्याच भागात नोकरी केलीत, तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. अठराव्या वर्षी मिळणारे ५ लाख या नोव्हेंबरात तिच्या काय उपयोगाचे? शिवाय अमुक तारखेला मोठी रक्कम येणार हे घरात माहीत असलं, की ती लग्नाच्या हिशेबात धरली जाते. सुकन्या समृद्धी खातंही तुम्हाला काढता येणार नाही, ते आईवडील किंवा कायदेशीर पालकच काढू शकतात.

कराचं म्हणाल तर देणगीवरची प्राप्तिकराच्या ८०जी कलमाची सूट जुन्या करप्रणालीतच मिळते. पेन्शन आणि व्याज धरून तुमचं वर्षाचं उत्पन्न पाच लाखांच्या आसपास आहे. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत कर शून्य होतो. जो कर भरायचाच नाही, त्यात सूट कसली? संस्थेला द्यायचं तर कामासाठी द्या, करासाठी नको.

मी असं सुचवतो. ५ लाख पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत, तुमच्याच नावावर ठेवा. सध्याच्या ८.२ टक्के दराने दर तिमाहीला १०,२५० रुपये येतील, वर्षाला ४१,०००. खातं काढताना जो दर असेल तो पाच वर्षं कायम राहतो, आणि पाच वर्षं म्हणजे तिची आठवी ते बारावी. नात्याबाहेरच्या माणसाकडून वर्षात ५०,००० च्या वर मिळालेले पैसे घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरले जातात, ती मर्यादाही यात पाळली जाते. उद्या तुमचं मोठं आजारपण निघालं तर थोडी कपात सोसून मुद्दल मोडता येतं. तुम्ही अडचणीत आलात तर तिचाही आधार जाईल.

हे ४१,००० कशावर खर्च करायचे? शाळेच्या फीवर नाही. बारावीपर्यंत मुलींना फी माफ आहे. ग्रामीण भागातल्या मुलींना शाळेसाठी एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत मिळतो. आठवीपर्यंत सरकारी आणि अनुदानित शाळेत पुस्तकंही मिळतात. खरा खर्च आहे तो हंगामातल्या सहा महिन्यांचा. आजीच्या घरचा किराणा, गॅस, औषधं. किराण्याचं बिल तुम्ही थेट दुकानात भरा. मुलीचं बँक खातं काढा, दहा वर्षांवरच्या मुलांना ते स्वतः चालवता येतं, आणि त्यात वह्या, चपला, सॅनिटरी पॅड यांसाठी महिन्याला चार-पाचशे टाका. ते तिने तिच्या हाताने खर्च करावेत. नववीपासून पुस्तकं, गाइड, परीक्षा फी वाढते, तेवढं राखून ठेवा. आजीला झेपत नसेल तर तालुक्याच्या समाजकल्याणच्या मुलींच्या वसतिगृहाची आणि ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीच्या सरकारी वसतिगृहाची चौकशी आत्ताच करा. प्रवेश मिळाला तर किराण्याचे पैसे वाचतील, ते तसेच साठू द्या.

५ लाखांचा आकडा मात्र त्या घरात सांगू नका. "बारावीपर्यंत हंगामाचा खर्च माझा, पण पोर शाळेतच राहील," एवढंच आईवडिलांना सांगा, आणि ते उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ मजुरी, घेण्याआधी सांगा. टोळी नेणाऱ्या मुकादमाशी बोलणी होताना मुलगी बरोबर येणार नाही हे ठरलेलं असलं पाहिजे.

पाच वर्षांनी मुद्दल सुटेल तेव्हा ती नर्सिंगला जाते की डिग्रीला, ते पाहून ठरवा. व्यावसायिक अभ्यासक्रमांतही पात्र गटातल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना २०२४ पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे. तेव्हा ते पैसे राहण्या-जेवण्यालाच लागतील.

दोन कागद राहिले. खात्याला मुलाचं नाव नॉमिनी म्हणून लावाल, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. ही रक्कम या मुलीच्या शिक्षणासाठी आहे, हे मृत्युपत्रात स्पष्ट लिहा आणि मुलाला समोर बसवून दाखवा. दुसरं, तिचा जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला, आणि खात्याला आधार जोडणी. यातलं एक जरी अडलं तरी शिष्यवृत्ती अडते, आणि वडील रोज बुडवून तहसीलला किती फेऱ्या मारणार? टोळी निघायच्या आत त्यांच्या सह्या घेऊन ठेवा. पुढच्या खेपा तुम्ही मारा.