पहिला रुपया घेताना

जुनी नाणी जमवायची सुरुवात १८३५च्या, इंग्लंडचा राजा चौथ्या विल्यमच्या किंवा १८४०च्या व्हिक्टोरिया राणीच्या चांदीच्या रुपयाने करा. आधी ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा घ्या, नाणं नंतर.

मूळ वजन ११.६६ ग्रॅम, चांदी ९१.७ टक्के. झिजलेलं नाणं थोडं हलकं भरेलच. झीज दिसत नसताना वजन कमी असेल तर सोडून द्या. वजन जुळलं तरी घनता तपासा. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा, नाणं दोऱ्याने पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. काटा साधारण १.१३ ग्रॅम दाखवेल. वजनाला या आकड्याने भागल्यावर १०.३च्या आसपास यायला हवं. लोहचुंबकाची चाचणी अपुरी. पितळ आणि जर्मन सिल्व्हरही सहसा चिकटत नाहीत.

मग कड बघा, भिंगाने, पूर्ण गोल फिरवून. हे रुपये दागिन्यांत फार वापरले गेले, त्यामुळे कडी काढल्यावर उरलेला डाक (जोडकामाचा धातू) किंवा घासून सपाट झालेले दाते हमखास सापडतात. ओतीव नकलेत कडेवर जोड आणि पृष्ठभागावर बारीक छिद्रं दिसतात.

१८४०च्या रुपयात राणीच्या डोक्यावरून सलग लेख असलेला आणि दोन बाजूंना विभागलेला, असे दोन प्रकार आहेत. विभागलेला नंतरचा, तरी साल तेच.

चिंच, राख, पॉलिश काहीही लावू नका. काळपटपणा चालतो, ओरखडे नाही. पीव्हीसीच्या पाकिटात हिरवा चिकट थर धरतो, मायलारचं (पॉलिस्टर फिल्मचं) पाकीट वापरा.